प्रसवाच्या अंतिम क्षणींचा धीर : चरक व सुश्रुत काय सांगतात

नागपुरांतील रामदासपेठेंत आज रुग्णालयांची दाटी आहे. तेथून जवळच सीताबर्डीवर १९२१ सालीं कमलाबाई होस्पेट व वेणूताई नेने यांनीं मातृसेवा संघाची स्थापना केली. सुइणीच्या कामास कमी लेखण्याच्या त्या काळांत अल्पवयीं वैधव्य आलेल्या कमलाबाईंनीं परिचारिकेचें शिक्षण घेतलें, ही गोष्ट लहान नव्हे. प्रसववेळीं निपुण स्त्रीच जवळ असावी हा आग्रह मात्र आपल्याकडे पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायांत, विश्वासू, पोक्त, प्रसवकर्मांत कुशल व नखें कापलेल्या अशा चार स्त्रियांची योजना सांगितली आहे. नखांची ही अट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कळ आल्यावांचून स्त्रीनें जोर करूं नये, याविषयीं दोन्ही संहिता एकमुखी आहेत. चरक (शारीरस्थान, अध्याय ८) याला शिंक, ढेकर व मलमूत्र यांचे दाखले देतो: वेग नसतां केलेला यत्न फुकट जातो, किंवा मोठ्या कष्टानें फळतो, तसेंच प्रसवाचें. अकालीं जोर केल्यास मूल बहिरें, मुकें वा कुबडें होतें, असें सुश्रुताचें म्हणणें. हा कार्यकारणभाव आज मान्य होणार नाहीं, पण उपदेश खोटा ठरत नाहीं. प्रसव लवकर व्हावा म्हणून स्त्रीकडून मुसळानें कांडून घ्यावें, असें कांहींचें मत होतें. आत्रेयानें तें साफ नाकारून जांभया देणें व येरझारा घालणें एवढेंच ठेविलें.

मतभेद पुढें आहे. सुश्रुताच्या मतें आधीं हळूहळू, मग जोरानें, आणि गर्भ योनिमुखाशीं आला म्हणजे सर्वांत अधिक जोर करावा. आजचें सुईणशास्त्र या शेवटच्या पायरीवर नेमकें उलट सांगतें. मस्तक दिसूं लागलें कीं कळ ओसरतांना तें किंचित् मागें सरतें, पुढच्या कळेस थोडें अधिक पुढें येतें. या जाण्यायेण्यांत तेथील त्वचा व स्नायू सावकाश ताणले जातात. त्या क्षणीं एकदम जोर लावल्यास ते फाटतात. म्हणून सुईण स्त्रीस लहान लहान श्वास सोडावयास सांगते, हाताचा आधार देते, ऊन पाण्याच्या कापडानें शेकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हा आधार व शेक आहे; स्त्रीनें स्वतःच्या वेगाप्रमाणें जोर करावा असेंही आहे; पोटावर वरून दाब देण्यास व सरसकट छेद घेण्यास नकार आहे. सुश्रुताचा पहिला उपदेश आज जसाच्या तसा घेतां येतो. शेवटचा येत नाहीं. प्राचीनांच्या अभिमानापायीं ही निवड टाळणें बरें नव्हे, कारण येथें प्रश्न पाठभेदाचा नसून बाळंतिणीच्या देहाचा आहे.

धीर म्हणजे दुर्लक्षही नव्हे. या अवस्थेंत बाळाच्या हृदयाचे ठोके दर पांच मिनिटांस ऐकावयाचे असतात. पहिलटकरणीचा प्रसव या अवस्थेंत बहुधा तीन तासांच्या आंत, पुढील खेपांस दोन तासांच्या आंत होतो. त्यापुढें डॉक्टर हवाच.

वारेच्या बाबतींत चरकाचा हात मुळींच हलका नाहीं. वार न पडल्यास नाभीच्या वर जोरानें दाबून स्त्रीस हालवावें, टाचेनें कटीवर आघात करावे, केसांची वेणी घशाला लावावी, असें तो सांगतो. रक्तस्राव थोपविण्यासाठीं आज गर्भाशय आकुंचित करणारें औषध टोंचतात.

नाळेविषयींचा क्रम मात्र लक्षांत घेण्याजोगा आहे. चरकानें आधीं बाळाचा श्वास सुरू झाल्याचें पाहणें, स्नान व मुखशोधन सांगितलें, आणि मग नाभीपासून आठ अंगुळांवर नाळ कापण्यास सांगितलें. मध्यें किती वेळ जावा हें तो सांगत नाहीं. २०१८ च्या शिफारशींत निदान एक मिनिट थांबावें, असें आहे.