पेशीची चूक आणि मधली पंधरा वर्षं

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर उमरगा मागे पडलं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं आणि बसवकल्याणचा फाटा येतो. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, हे शेजारशेजारचे जिल्हे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबादेत गेले. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी घरं या पट्ट्यात गावोगाव आहेत. त्यामुळे १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सुरू झालेला एक अभ्यास भालकी, औराद, आळंदच्या बायकांनीही आपलाच मानायला हरकत नाही. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दलचा तो अभ्यास जगभर वाचला गेला. तो समजून घ्यायचा तर आधी पेशीकडे जावं लागतं.

एकाच्या दोन पेशी

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी मरतात आणि जवळपास तितक्याच नव्या होतात. त्यांत रक्तातल्या पेशी सर्वाधिक, त्याखालोखाल आतड्याच्या अस्तरातल्या. नवी पेशी जुन्या पेशीचे दोन भाग होऊनच जन्मते. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं असतात आणि त्यांतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल. विभाजनाआधी या सगळ्याची एक पूर्ण नक्कल तयार होते. मग दोन ध्रुवांकडून बारीक तंतू येतात, गुणसूत्रांच्या जोड्यांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि एकेक प्रत आपापल्या टोकाला ओढून नेतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला या फेरीसाठी साधारण २४ तास लागतात. प्रत्यक्ष विभागणी त्यातल्या तासाभराची. उरलेला वेळ वाढ, नक्कल आणि तपासणी यांत जातो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली रंगवलेल्या पेशींची चित्रं काढून ही ओढाताण टप्प्याटप्प्यानं दाखवली. पुढे थिओडोर बोव्हेरी समुद्री साळूची अंडी पाहत होते. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि पेशी भलत्याच वागू लागतात, हे त्यांनी टिपलं. कॅन्सरचं मूळ अशाच बिघडलेल्या वाटणीत असावं, असं त्यांनी १९१४ साली लिहिलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण जनुक कशाचं बनलेलं असतं हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

वाटेतले तपासणी नाके

विभाजनाच्या वाटेवर नाके असतात. पहिल्या नाक्यावर आरबी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. वाढीचा रीतसर निरोप आल्याशिवाय ते नक्कल सुरू होऊ देत नाही. पी५३ हे दुसरं प्रथिन डीएनएची मोडतोड दिसली की काम थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. शेवटचा नाका गुणसूत्रं ओढण्याआधीचा: प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी धरली गेली आहे की नाही, हे तिथं पाहिलं जातं. ही व्यवस्था उलगडणाऱ्या हार्टवेल, नर्स आणि हंट या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

नाके असले तरी चुका निसटतात. पण एका चुकीनं कॅन्सर होत नाही. एक नाका उठला की पुढच्या चुका पकडल्या जात नाहीत, त्या साचत जातात आणि एखाद्या पेशीची पिल्लावळ कोणाचंच ऐकेनाशी होते. याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात.

नाकेदारच गायब

नाके निकामी करण्याचे रस्ते अनेक आहेत. तंबाखूतली रसायनं थेट डीएनएला चिकटून पी५३ च्या जनुकात बिघाड करू शकतात. गालाच्या आणि जिभेच्या कॅन्सरमागे आपल्याकडे मुख्यतः तंबाखू असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी आहे. तिथं जवळजवळ प्रत्येक रोग्यात एचपीव्ही हा विषाणू सापडतो. हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या गटानं १९८३ साली त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार या गाठींतून वेगळा काढला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू अस्तराच्या तळातल्या पेशींत शिरतो. त्याच्याकडे स्वतःची नक्कल करण्याची पुरेशी यंत्रणा नसते, त्याला पेशीची यंत्रणा हवी असते. पण वरच्या थरांत सरकलेल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं. ते पुन्हा चालू करायला विषाणू दोन प्रथिनं बनवतो. ई७ हे आरबीला धरून बाजूला करतं आणि ई६ हे पी५३ चा नाश करवतं. ई७ मुळे विभाजनाचे ध्रुवही दोनाऐवजी तीन-चार होऊ शकतात आणि गुणसूत्रांची खेचाखेच वेडीवाकडी होते. बोव्हेरींनी साळूच्या अंड्यात पाहिली तीच. कॅन्सर करण्यात विषाणूचा काहीच फायदा नाही, हेही लक्षात ठेवावं.

हा संसर्ग अगदी सामान्य आहे आणि बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत हटवतं. म्हणून तपासणीत एचपीव्ही निघाला तर कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. ही मधली वर्षं हातात असतात.

उस्मानाबादच्या खेड्यांत

मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पेशी काचपट्टीवर घेऊन तपासणी झाली, तिसऱ्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी आणि दाटीनं असतात, प्रथिनं जास्त असतात. आम्लानं ती गोठतात आणि तो भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. चौथ्या गटाला तपासणी नव्हती, फक्त माहिती आणि नेहमीची सेवा होती.

२००९ साली निकाल छापून आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांमध्ये आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. तपासणी नसलेल्या ३१,४८८ मध्ये ६४. आम्लाच्या आणि काचपट्टीच्या गटांत मात्र ठळक घट दिसली नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमधल्या दुसऱ्या अभ्यासात दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे तीव्र टीका झाली. ती टीका मला पोकळ वाटत नाही. पण त्या गटाच्या वाट्याला आलेली स्थिती अभ्यासाबाहेरच्या बहुतेक बायकांची आजही आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी करून घेतलेली होती.

पिशवी काढायची गरज नसते

तपासणीत डाग दिसला आणि तो कॅन्सरच्या आधीचा ठरला, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा विजेच्या तारेनं कापून काढतात. गर्भाशय जागेवर राहतं आणि बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी जाते.

हे ठासून सांगायचं कारण कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. पांढरं पाणी जातं, पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या लंबाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांतल्या कितीतरी बायकांचं गर्भाशय गरज नसताना काढल्याचं २०१५ च्या सुमारास उघड झालं, चौकशा झाल्या. काहींना ‘नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली होती. पांढरं पाणी जाण्याचं कारण बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधानं जातो. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरच्या नावानं पिशवी काढायला कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

एक डोस

एचपीव्हीची लस दोन डोसांची द्यावी की तीन, हे पाहणारा अभ्यास २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. बार्शी त्यात होतं. दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वाद पेटला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना त्यामुळे एकच डोस मिळाला. संशोधक त्यांच्या मागावर राहिले. दहा वर्षांनंतरही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण तीन डोसांइतकंच निघालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात बार्शीकडच्या मुलीही आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला त्याच वर्षी परवानगी मिळाली. लस संसर्गाआधी घेतली तरच पुरेपूर उपयोगी पडते, म्हणून ९ ते १४ हे वय धरतात.

कधी जायचं, कुठं जायचं

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांनी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी करून घ्यावी असं ठरलेलं आहे. आशाताईंना विचारलं तर जवळचं केंद्र कळतं. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वासाचं पाणी थांबत नसणं, यातलं काही असेल तर पाच वर्षांची वाट पाहायची नाही. कलबुर्गीत बेंगळुरूच्या किदवई कर्करोग संस्थेचं केंद्र आहे. बीदर आणि आळंदकडच्या लोकांना बार्शी, सोलापूर आणि हैदराबादच्या वाटाही ठाऊक असतात. जाताना आधीचे सगळे कागद आणि तुकडा तपासल्याचा रिपोर्ट सोबत न्यावा.