बाबुराव शेडमाकेंना पकडलं ते अहेरीच्या जमीनदारीनं; चांद्याच्या १८५८ च्या उठावात नेमकं काय घडलं?

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळाखाली दरवर्षी २१ ऑक्टोबरला गर्दी होते. १८५८ साली याच दिवशी बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना फाशी दिली गेली. वय होतं अवघं २५. त्यांच्या शौर्याच्या कथा गडचिरोलीत पोरासोरांना पाठ आहेत. पण हा उठाव मोडला कसा, हे फारसं सांगितलं जात नाही.

आधी जमीनदारीचं गणित समजून घ्या

शेडमाके घराण्याकडे मोलमपल्लीची छोटी जमीनदारी होती आणि ती अहेरीच्या मोठ्या जमीनदारीखाली येत होती. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारसाविना वारले. १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि चांदा थेट इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजांनी इथल्या जमीनदाऱ्या मात्र मोडल्या नाहीत. या जंगलात प्रत्येक गावात शिपाई ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे जमीनदार जागेवर राहिले, फक्त त्यांच्या डोक्यावरचा मालक बदलला.

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड तरुणांबरोबर रोहिलेही या फौजेत होते. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ इंग्रज फौजेशी गाठ पडली.

तारेच्या छावणीवरच हल्ला का?

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथं तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि त्यानं चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांना गाठलं.

भारतात तार सुरू होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. घोडेस्वाराला जिथं कित्येक दिवस लागायचे, तिथं निरोप काही तासांत पोचू लागला होता. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांना याचा किती फायदा झाला, हे त्यांनीच नोंदवलं आहे. जंगल बंडखोरांना लपवत होतं, पण तारेपुढे जंगलाचा इलाज चालत नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर हा थेट नेटवर्कवरचा हल्ला होता.

यानंतर मात्र क्रिक्टननं डाव बदलला. बाबुरावांवर १,००० रुपयांचं बक्षीस लावलं गेलं आणि अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंवर दबाव टाकण्यात आला. (झाशीच्या राणी लक्ष्मीबाई वेगळ्या. त्या याच वर्षी जूनमध्ये लढताना गेल्या.) सप्टेंबरमध्ये अहेरीच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. महिनाभरात खटला चालला आणि फाशीही झाली.

व्यंकटराव बस्तरला पळाले. तिथल्या राजानंच त्यांना एप्रिल १८६० मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन केलं. जन्मठेप झाली, जमीनदारी जप्त झाली. अडपल्ली-घोटची ती ६७ गावं बक्षीस म्हणून गेली अहेरीला.

लक्ष्मीबाईंना गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नकार दिला असता तर अहेरीचं काय झालं असतं, याचं उत्तर व्यंकटरावांच्या जप्त गावांत दिसतंच.

रोमनंही हेच केलं होतं

साम्राज्यांची ही रीत जुनी. इसवी सन ६ मध्ये रोमनं यहुदियातल्या हेरोद घराण्याच्या शासकाला हटवून तो प्रांत थेट ताब्यात घेतला आणि करासाठी शिरगणती लावली. गालीलच्या यहुदानं लगेच विरोधाची हाक दिली. ६६ मध्ये मोठा उठाव पेटला, तेव्हा त्याच हेरोद घराण्यातला दुसरा अग्रिप्पा आपली फौज घेऊन रोमच्या बाजूनं उभा राहिला. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर जळालं. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यू पुन्हा उठले आणि पुन्हा चिरडले गेले.

त्या ६६ च्या उठावाची सविस्तर हकिकत आपल्याला मिळते ती जोसेफसकडून. तो आधी गालीलमध्ये बंडखोरांचा सेनापती होता, नंतर रोमनांच्या आश्रयाला गेला. चांद्यात तर तेवढंही नाही. इथली सर्वाधिक वापरली जाणारी लेखी नोंद मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६९ च्या जमीन महसूल अहवालातली. त्यात बाबुराव लुटारू म्हणून येतात. गोंडी गाण्यांत आणि गावोगावच्या आठवणींत हाच माणूस वीर आहे.

१२ मार्च रोजी, बाबुरावांच्या जयंतीला, भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं. टपाल आणि तार ही खाती आपल्याकडे बराच काळ एकच होती.