खालून पहिला कोण?

रविवार, संध्याकाळचे साडेसहा. हॉस्टेलची एक रूम, एक लॅपटॉप, त्याच्यासमोर सात-आठ डोकी आणि कोणाच्या तरी हॉटस्पॉटवर चाललेली शर्यत. युरोपातली फॉर्म्युला वन रेस आपल्याकडे साधारण याच वेळेला सुरू होते. लाल दिवे विझतात, गाड्या सुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर कोणीतरी गाडी भिंतीवर नेऊन घालतो. झालं! ‘अरे, याला लायसन्स दिलं कोणी?’, ‘याच्यापेक्षा आमचा रिक्षावाला बरा!’ मग शर्यत राहते बाजूला आणि ग्रुपमध्ये तो जुनाच वाद पेटतो: एफवनमधला आजवरचा सगळ्यात वाईट ड्रायव्हर कोण?

सगळ्यात चांगला कोण, या वादात मजा नाही. सेना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हर्स्टॅपन, तीच चार-पाच नावं फिरत राहतात. खरी मजा ‘खालून पहिला’ शोधण्यात आहे. तर चला, आज तुमच्या ग्रुपसाठी या वादाला थोडा दारूगोळा पुरवू. मात्र शेवटी एक प्रश्न विचारणार आहे, तेवढं ऐकून जा.

किस्से एक से एक

सुरुवात जुन्या मानकऱ्यापासून करू. अल पीस. 1967 ची कॅनडातली शर्यत, मोस्पोर्टचा ट्रॅक, पाऊस. पीसची गाडी ट्रॅकवर बंद पडली, कारण बॅटरी संपली. हा गडी गाडीतून उतरला, धावत पिटमध्ये गेला, नवी बॅटरी घेऊन परत आला, स्वतःच्या हाताने बसवली आणि पुन्हा निघाला! शर्यत संपली तेव्हा तो विजेत्यापेक्षा 43 फेऱ्या मागे होता. दोन वर्षांनी, 1969 मध्ये, त्याच ट्रॅकवर तो पुन्हा उतरला. आघाडीच्या गाड्यांच्या 46 फेऱ्या झाल्या तेव्हा याच्या झाल्या होत्या 22. आयोजकांनी काळा झेंडा दाखवून त्याला बाहेर काढलं. कारण? फारच हळू चालवतोय.

दुसरा मानकरी जपानचा ताकी इनोउए, साल 1995. मोनॅकोत सरावाच्या वेळी त्याची बंद पडलेली गाडी टो करून आणत होते. तेवढ्यात सेफ्टी कारने तिला धडक दिली आणि गाडी उलटली. म्हणजे ज्या गाडीच्या नावातच ‘सेफ्टी’ आहे, तिनेच! पुढे हंगेरीत त्याच्या गाडीतून धूर निघू लागला. बिचारा अग्निशामक नळकांडं घेऊन स्वतःच धावला, तर मदतीला आलेल्या गाडीने त्याच्या पायालाच धडक दिली. एका सीझनमध्ये दोनदा, आणि दोन्ही वेळा मदतीच्याच गाड्या. आज इनोउए स्वतःच सोशल मीडियावर यावर विनोद करतो. आपण किती वाईट ड्रायव्हर होतो, हे तो इतरांपेक्षा जास्त रंगवून सांगतो.

तिसरा, युजी इदे. 2006, सुपर अगुरी टीम. चौथ्याच शर्यतीत, इमोलाला पहिल्या फेरीत त्याने ख्रिस्तियान आल्बर्सच्या गाडीला धडक दिली आणि आल्बर्सची गाडी कोलांट्या खात गेली. नशिबाने आल्बर्स वाचला. काही दिवसांतच इदेचं सुपर लायसन्स, म्हणजे एफवनमध्ये गाडी चालवायचा परवाना, काढून घेण्यात आलं. चार शर्यतींत करिअर संपलं.

आणि चौथा, लुका बादोएर. 2009 मध्ये हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेरारीच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली आणि तो जबर जखमी झाला. आधी शूमाकर निवृत्तीतून परत येणार असं ठरलं, पण मानेच्या दुखण्यामुळे ते बारगळलं. मग फेरारीने आपला वर्षानुवर्षांचा टेस्ट ड्रायव्हर उतरवला. व्हॅलेन्सियाला बादोएर पात्रता फेरीत शेवटचा आला, तोही पुढच्या गाडीपेक्षा जवळपास दीड सेकंद मागे. पुढची शर्यत स्पाला, तिथेही शेवटचा. आणि त्याच शर्यतीत, तशाच लाल गाडीतून त्याचा टीममेट किमी रायकोनेन जिंकला! केस क्लोज्ड, नाही का?

जरा थांबा

नाही. इथे आपण जरा ब्रेक मारू, कारण प्रत्येक किश्श्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या वादात कधी येतच नाही.

बादोएरचंच बघा. याआधी त्याने एफवनची शर्यत चालवली होती 1999 मध्ये, म्हणजे दहा वर्षांपूर्वी. टेस्ट ड्रायव्हर म्हणून सराव करत असेल ना? तर 2009 पासून सीझन सुरू असताना टेस्टिंगवर बंदीच आली होती. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध टीमची गाडी, ट्रॅक नवा, सराव नाही, आणि टीव्हीसमोर सगळं जग. तुम्हाला दहा वर्षांनी अचानक बारावीच्या गणिताच्या पेपरला बसवलं, तर?

आता पुढचं ऐका. दोन शर्यतींनंतर फेरारीने बादोएरला बसवून जियानकार्लो फिसिकेलाला आणलं. हा कोण? ज्याने स्पाला फोर्स इंडिया, म्हणजे आपल्या तिरंग्याचे रंग मिरवणारी टीम, पोलवर नेली होती आणि शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला होता. फोर्स इंडियाचे ते पहिलेच गुण. म्हणजे जबरदस्त फॉर्मात. त्या फिसिकेलाला फेरारीत उरलेल्या पाच शर्यतींत गुण किती मिळाले? शून्य. तो एका महिन्यात गाडी चालवायला विसरला होता का? की ती गाडीच सवय असल्याशिवाय दाद देत नव्हती?

इदेचंही तसंच. सुपर अगुरी ही टीम काही महिन्यांत घाईघाईने उभी राहिलेली. तिची गाडी 2002 च्या अ‍ॅरोज गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली, म्हणजे चार वर्षं जुनी. सराव जेमतेम, इंग्रजी जेमतेम, त्यामुळे इंजिनिअरशी बोलायची पंचाईत. आणि हाच इदे त्याआधीच्या वर्षी जपानच्या फॉर्म्युला निप्पॉन स्पर्धेत दुसरा आला होता. असा माणूस अडाणी ड्रायव्हर नसतो.

आपल्या करुण चंढोकची गोष्ट तर अजून भारी. 2010, बहरीन, त्याची पहिली एफवन शर्यत. त्याची गाडी शुक्रवारपर्यंत जोडूनच झाली नव्हती. त्यामुळे चंढोकने ती पहिल्यांदा चालवली ती थेट शनिवारच्या पात्रता फेरीत! इंजिनिअरिंगच्या पोरांनो, तुमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमची गाडी स्पर्धेच्या आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये जोडली जाते ना, अगदी तसंच. फक्त इथे वेग ताशी तीनशेच्या आसपास.

‘शेवटचा’ म्हणजे किती शेवटचा?

आता थोडं गणित. एफवनमध्ये 107 टक्क्यांचा नियम आहे. पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातल्या सगळ्यात वेगवान वेळेच्या 107 टक्क्यांच्या आत तुमची वेळ बसायला हवी. नाही बसली, तर खास परवानगीशिवाय शर्यत नाही. समजा, टॉपरने एक फेरी 90 सेकंदांत मारली, तर तुम्हाला 96.3 सेकंदांच्या आत यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉपरने तीन तासांत सोडवलेला पेपर तुम्ही तीन तास बारा मिनिटांत सोडवलात, तर पास. तेरावं मिनिट लागलं, तर बाहेर! हल्ली तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीत या टप्प्यात अनेकदा दीड-दोन सेकंदांचंच अंतर असतं.

म्हणजे ज्याला आपण मॅगी खात खात ‘भंगार’ म्हणतो, तो जगातल्या मोजक्या वीसेक जागांपैकी एकीवर बसलेला असतो. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकूनही त्या जागेपर्यंत पोचू शकला नाही. खालून पहिला येण्यासाठीसुद्धा आधी आत शिरावं लागतं.

हो, पैशाच्या जोरावर आत शिरणारेही असतात, आणि त्यांच्यावर टीका व्हायलाच हवी. पण तिथेही मामला सरळ नाही. पास्टर माल्डोनाडोला व्हेनेझुएलाच्या तेल कंपनीचं पाठबळ होतं आणि त्याचे अपघात तर मीमचा कायमचा विषय. पण 2012 मध्ये बार्सिलोनाला फर्नांडो अलोन्सोला त्याच्याच देशात मागे ठेवून शर्यत जिंकली ती यानेच!

मग माझं मत कोणाला?

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांची बाजू घेतलीत, मग वाईट कोणाला म्हणायचं? सांगतो. वाईट कामगिरीचे तीन प्रकार करा. एक, हळू. दुसरा, चुकीचा. तिसरा, जाणूनबुजून केलेला.

हळू चालवणाऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा त्याचं स्वतःचंच होतं. चूक करणारा दुसऱ्यालाही घेऊन बुडतो, म्हणून त्याला शिक्षा हवी. इदेचं लायसन्स गेलं, ते बरोबरच होतं. पण तिसरा प्रकार?

1997, हेरेझ, सीझनची शेवटची शर्यत. मायकल शूमाकर एका गुणाने पुढे. जॅक व्हिलनव आतल्या बाजूने ओव्हरटेक करू लागला आणि शूमाकरने गाडी सरळ त्याच्यावर वळवली. डाव उलटला. शूमाकर खडीत अडकला, व्हिलनव विश्वविजेता झाला आणि शूमाकरचं नाव त्या वर्षीच्या गुणतक्त्यातून काढून टाकण्यात आलं.

2008, सिंगापूर, एफवनची पहिली रात्रीची शर्यत. रेनॉच्या नेल्सन पिके ज्युनिअरने गाडी भिंतीवर घातली. तेव्हा सगळे हसले, ‘पोरगं कच्चं आहे’. सेफ्टी कार आली, नुकताच पिटमध्ये जाऊन आलेल्या टीममेट अलोन्सोला आयता फायदा झाला आणि पंधराव्या जागेवरून निघालेला अलोन्सो जिंकला. वर्षभराने पिकेला टीममधून काढलं, तेव्हा बिंग फुटलं. तो अपघात ठरवून केलेला होता! अलोन्सोविरुद्ध चौकशीत काही आढळलं नाही, पण टीमचा प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियाटोरे आणि पॅट सायमंड्स यांना जावं लागलं.

माझं मत या तिसऱ्या प्रकाराला. गंमत बघा, आपल्या ‘सगळ्यात वाईट’च्या याद्यांमध्ये इनोउए, बादोएर, इदे हमखास असतात. हेरेझचा शूमाकर मात्र क्वचितच. कारण आपण ‘वाईट’ म्हणतो तेव्हा खरं तर ‘दुबळा’ म्हणत असतो. आणि दुबळ्यावर हसणं सोपं असतं.

आणि तो प्रश्न

12 डिसेंबर 2021, अबू धाबी. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन, दोघांचे गुण सारखे, 369.5. 58 फेऱ्यांची शर्यत, हॅमिल्टन आरामात पुढे. 53 व्या फेरीत विल्यम्सचा निकोलस लतिफी भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, ती कशी आणि कधी आत घ्यायची यावर आजही भांडणं होतात असा निर्णय झाला आणि शेवटच्या फेरीत विजेतेपद व्हर्स्टॅपनकडे गेलं.

लतिफीने केलं काय होतं? मागच्या बाकावरच्या एका पोराने एका जागेसाठी झुंजताना चूक केली, एवढंच. निर्णय त्याचा नव्हता. तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी त्याने स्वतः लिहून हे जगाला सांगितलं. पुढे काही काळ त्याने सोबत सुरक्षारक्षकही ठेवले. एका शर्यतीतल्या एका चुकीसाठी!

‘ते तिकडचे वेडे फॅन्स’ म्हणून सोडून देऊ नका. 2022 च्या आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक कॅच सुटला, तेव्हा आपल्याकडे त्या रात्री काय काय लिहिलं गेलं, आठवतंय? 

तर प्रश्न असा: हसणं कुठे संपतं आणि दगड मारणं कुठे सुरू होतं? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. जे वाक्य त्या माणसाच्या समोर, त्याच्या डोळ्यांत बघून बोलता येईल, ते बिनधास्त बोला. इनोउएला सेफ्टी कारवरून चिडवलंत, तर तो तुमच्याबरोबर हसेल. लतिफीला जे लिहिलं गेलं, ते लिहिणाऱ्यांपैकी किती जण त्याच्या समोर उभं राहून म्हणू शकले असते?

लतिफीचं पुढे काय झालं? 2022 नंतर त्याची जागा गेली. मग तो लंडन बिझनेस स्कूलमध्ये एमबीए करायला गेला. म्हणजे तोही तुमच्याआमच्यासारखाच असाइनमेंट आणि डेडलाइनच्या मागे लागला. अल पीसला कॅनडाने आपल्या मोटरस्पोर्ट हॉल ऑफ फेममध्ये मानाची जागा दिली. आणि 2025 मध्ये हंगेरीला पात्रता फेरीत बारावा आल्यावर एक ड्रायव्हर म्हणाला की आपण अगदी निरुपयोगी आहोत, फेरारीने दुसरा ड्रायव्हर बघावा. तो होता सात वेळचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन. त्याचा टीममेट त्या दिवशी पोलवर होता.

खालून पहिला येण्याचा दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतो. सेमिस्टरमध्ये, प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत, एकांकिकेच्या स्टेजवर शब्द विसरल्यावर. तेव्हा आपल्या मागे हसणारे मित्र हवेत, दगड मारणारे नकोत.

बाकी वाद घाला, जोरात घाला. पुढच्या रविवारी साडेसहाला भेटूच. हॉटस्पॉट कोणाचा, तेवढं आधी ठरवा!