वाट्यातलं मटण, अख्खं कोकरू
नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मटण म्हटलं की बोकडच डोळ्यांपुढे येतो. संगमनेरी शेळीचं हे माहेर, त्यामुळे त्यात नवल नाही. पण इथे आणि शेजारच्या पुणे भागात बोकड चुलीवर न चढणारी घरंही आहेत. हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईच्या बोल्हाईमातेला मानणारी ही मंडळी फक्त मेंढीचं खातात. रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘बोल्हाईचे मटण’ असं वेगळं लिहिलेलं असतं, ते त्यांच्यासाठी.

ही मेंढी येते धनगरांच्या वाड्यांवरून. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे मेंढपाळ पाऊस सरला की घाट उतरून कोकणाकडे जातात. दख्खनी मेंढी काळी, काटक, खरखरीत लोकरीची. लोकरीला भाव उरला नाही आणि घोंगडीवर पोट भरेना, तसा कळपाचा हिशेब मांसावर आला. नर कोकरं बाजारात जातात ती त्यामुळेच.

गावात जनावर कापायचं ते बहुधा वाट्यांनी. मुलाण्याने हलाल करायचं, हा बलुत्याच्या काळापासूनचा रिवाज. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (1915) मुलाण्याची नोंद सापडते. वाटे घालणारा मांडी, फरा, बरगडी, मान, सगळं थोडं थोडं प्रत्येक ढिगात टाकतो. न्याय चोख, पण चूल गोंधळते. चापेचा तुकडा शिजून विरतो तेव्हा मानेचा अजून चिवटच असतो. म्हणून सगळं एका पातेल्यात रटरटवायचं आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यात भाकरी चुरायची. या वाट्यामुळेच नगरकडे रस्सा मोठा आणि तुकड्यांची पारख कमी, असं मला वाटतं.

अख्खं कोकरू घरी आलं की मग पंचाईत होते. पारख अवघड नाही: जो भाग जास्त राबला तो चिवट आणि चवदार. मान, फरा, नळ्या चालण्या-चरण्यात खपलेल्या. त्यांच्यातली तंतुमय चिकटी मंद आचेवर तासन् तास ओलाव्यात राहिली, तरच विरघळून रस्सा दाट करते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस मात्र आळशी. चाप तिथूनच निघते. बरगड्यांच्या तेरा जोड्या मोजल्या की तिची जागा कळते. तिला तव्यावर थोडा वेळ पुरतो. रश्श्यात घालणं म्हणजे वाया घालवणं. छातीची सीना चरबीची, ती आधी उकडून मग भाजावी. मांडी अख्खी ठेवणार असाल तर तिच्या मागच्या चरबीत दडलेली करडी गाठ शोधून काढाच, आणि वरचा कागदासारखा पापुद्राही. मेंढीचा जो वास अनेकांना नको असतो तो बराचसा चरबीत असतो, त्यामुळे कडेची चरबी छाटली की निम्मी तक्रार मिटते. तिची चरबी लवकर गोठते. गरम गरम वाढा, नाहीतर टाळूला मेण चिकटतं.

आतड्या-कोठ्याचं काम त्याच दिवशी उरकावं लागतं. ग्रीसमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री कोकराच्या आतल्या अवयवांचं सूप होतं आणि अख्खं कोकरू दुसऱ्या दिवशी भाजतात. कारण तेच, नासणारं आधी. काळजाचं वरचं साल सोलून ते मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटं परतलं की पुरे, जास्त झालं की रबर. गुर्दा चिरून मधली पांढरी शीर काढावी. वझडीला मात्र धीर लागतो. कोठा उघडून धुवायचा, कढत पाण्यात बुडवून काळा थर खरवडायचा. एका भागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, दुसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे. पानांमध्ये गवताचा चोथा अडकून राहतो, म्हणून ती एकेक उलगडून धुवावीत. मग हळद-मीठ घालून मऊ होईपर्यंत उकडायची आणि त्यानंतरच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकायची. फुप्फुस फसवं आहे: हवेने भरलेलं, पातेल्यात तरंगतं, त्यामुळे झाकणावर वजन ठेवून उकडावं.

मुंडी आणि पाय वाट्यात सारखे बसत नाहीत. ते भाजून, केस जाळून, खरवडून घ्यावेत आणि रात्री मंद आचेवर ठेवावेत. सकाळी रस्सा बोटांना चिकटला पाहिजे. चिकटत नसेल तर अजून दोन तास.