१६ मॅचमध्ये शून्य गोल मारणारा हालांड गोलमशीन कसा झाला?
अर्लिंग हालांड मैदानात असला की समोरच्या डिफेन्सला धडकी भरते. पण याच हालांडनं पहिल्या क्लबच्या सिनियर टीमकडून १६ मॅच खेळल्या आणि गोल मारले शून्य.

तो क्लब म्हणजे नॉर्वेतला ब्रिने. हालांडचा जन्म २००० चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा. वडील आल्फ-इंगे तेव्हा इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळायचे. पुढं हे कुटुंब आपल्या गावी, ब्रिनेला परतलं. तिथं इनडोअर मैदान असल्यानं कडाक्याच्या थंडीतही पोरांचा खेळ थांबायचा नाही.

लहानपणी हालांड अंगानं किरकोळ होता. धक्काबुक्कीत निभाव लागणं अवघड, म्हणून डिफेंडरची नजर चुकवून मोक्याची जागा गाठायची सवय लागली. उंची उशिरा वाढली, पण ही सवय टिकली. आता ताकद आणि चलाखी दोन्ही हाताशी होत्या.

२०१७ मध्ये तो मोल्डे क्लबला गेला. तिथले कोच होते मँचेस्टर युनायटेडचे जुने स्ट्रायकर ओले गुन्नार सोल्स्कयार. मग गोलांचा धडाकाच सुरू झाला.

जुलै २०१८ : ब्रानविरुद्ध पहिल्या २१ मिनिटांत ४ गोल.

मे २०१९ : अंडर-२० वर्ल्ड कपमध्ये होंडुरासविरुद्ध एकट्याचे ९ गोल.

सप्टेंबर २०१९ : साल्झबर्गकडून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये हॅटट्रिक.

जानेवारी २०२० : डॉर्टमुंडकडून पहिल्याच मॅचमध्ये बदली म्हणून उतरून हॅटट्रिक.

ब्रिनेतल्या त्या शून्यावरूनच पोराचा निकाल लावला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं.