कालोचाचा महोत्सव : चोवीस टाचा आणि एक नर्तक

हंगेरीच्या दक्षिण भागात, डॅन्यूबकाठच्या सपाट मुलखात कालोचा नावाचं गाव आहे. सुमारे हजार वर्षांचं जुनं धर्मपीठ, आणि आज मिरचीपुडीसाठी, म्हणजे पाप्रिकासाठी प्रसिद्ध. 1968 पासून इथे आणि आसपासच्या गावांत डॅन्यूबकाठच्या लोककलांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे. पाहणाऱ्याची नजर आधी कपड्यांवर जाते. कालोचाचं फुलाफुलांचं भरतकाम आहेच तसं. (गंमत बघा, हे भरतकाम मुळात पांढऱ्यावर पांढरं होतं. पक्क्या रंगाचे धागे मिळू लागले, तेव्हा त्यात रंग आले.)

पण मला बोलायचंय ते पायांबद्दल. मंचावर चोवीस नर्तक उडी मारतात, चोवीस टाचा एकाच क्षणी वाजतात. आपण टाळ्या वाजवतो. ही शिस्त मात्र खेड्यातली नव्हे. 1951 मध्ये हंगेरीचं सरकारी लोकनृत्य पथक उभं राहिलं, ते सोव्हिएत मोइसेयेव पथकाचा नमुना समोर ठेवून. बाकीची पथकं त्याच वाटेनं गेली. नाच बसवायचा, पाठ करायचा, सादर करायचा.

खेड्यात काय होतं? ट्रान्सिल्वेनियातला 'लेगेन्येश' घ्या. हा प्रदेश आज रोमानियात आहे, पण तिथे हंगेरियन वस्ती मोठी. लेगेन्येश हा पुरुषांचा नाच. नर्तकाकडे पदन्यासांचे छोटे छोटे तुकडे असतात. कुठला तुकडा कुठे जोडायचा हे तो नाचता नाचता ठरवतो. म्हणजे सगळी उपजच की! द्यर्द मार्तिन या संशोधकानं मात्याश इश्तवान या एकाच खेडुताच्या नाचावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून एक अख्खा ग्रंथ झाला. एका माणसाच्या नाचावर ग्रंथ, कारण तो नाच दुसऱ्या कुणाचा नव्हताच.

ही उपज शहरात परतली 6 मे 1972 रोजी. बुडापेस्टमध्ये पहिलं 'तान्त्सहाज', म्हणजे नाचघर, भरलं. कल्पना ट्रान्सिल्वेनियातल्या सेक गावची. तिथली तरुण मंडळी नाचासाठी एखादं घर भाड्यानं घेत. शान्दोर तिमार यांनी पुढे ही दारं सर्वांना उघडी केली. आधी पाठांतर नाही, आधी शब्द शिकायचे आणि मग आपापलं वाक्य बोलायचं, अशी त्यांची शिकवण्याची रीत. युनेस्कोनं 2011 मध्ये याच पद्धतीची जतनाचा उत्तम नमुना म्हणून नोंद केली.

मंचावरचा नाच खोटा, असं मी म्हणत नाही. तो वेगळा आहे, एवढंच. अशा महोत्सवाला गेलात, तर वाद्यवृंदाकडे पाहा. मुख्य व्हायोलिनवादकाची नजर नर्तकाच्या पायांवर आहे का? असेल, तर पुढची उडी कशी पडणार हे त्या क्षणी त्यालाही ठाऊक नसतं, नर्तकालाही नसतं.