कॉम्प्युटर सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो?

कळमन्याच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. लिलाव झालाय, वजन झालंय, शेतकरी हिशेबपट्टीसाठी काउंटरपाशी उभा आहे, त्याला परतीची गाडी गाठायची आहे. इकडे लाइट जाऊन आली आणि डेस्कटॉपवर ते चाक गोल गोल फिरतंय. पाच मिनिटं, कधी सात. मालक म्हणतात, जुना झाला, नवीन घेऊ. माझं म्हणणं, पैसे काढण्याआधी घड्याळ काढा.

तीन वेळा टिपून ठेवा. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत किती? तिथून पासवर्ड मागेपर्यंत किती? आणि पासवर्ड टाकल्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर खरोखर उघडेपर्यंत किती? दुखणं कुठे आहे ते यातूनच कळतं.

पहिल्या टप्प्यात मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. इथेच अडत असेल तर मागे राहिलेला पेनड्राइव्ह काढून बघा. तारीख दर वेळी मागे जात असेल, किंवा 'एफ-१ दाबा' म्हणून थांबत असेल, तर बटणासारखा छोटा सेल संपला समजा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा. तो बदला, नाहीतर पट्टीवरही तारीख चुकीची छापली जाईल.

पण जुन्या मशीनमध्ये खरा वेळ जातो तो हार्ड डिस्कमध्ये. तिच्या आत तबकडी फिरते, मिनिटाला साधारण ७२०० वेळा. म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद, आणि सुई त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ. ऐकायला काहीच नाही हो. पण हिशोब करा, सेकंदाला सत्तर-ऐंशी हेलपाटेच होतात. आणि सुरू होताना विंडोजला विखुरलेल्या हजारो बारीक फाइली लागतात. समजा असे दहा हजार हेलपाटे पडले, तर दोन मिनिटं त्यातच गेली. एकच हमाल, आणि प्रत्येक पोतं गोदामाच्या वेगळ्या कोपऱ्यात! त्यात अँटिव्हायरस, अपडेट, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळे त्याच हमालाला एकदम हाका मारतात. टास्क मॅनेजर उघडा, 'डिस्क'खाली १०० टक्के दिसेल.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे हा हेलपाटाच संपतो. तुमच्या मशीनला साटा जोडणी असेल तर साधी साटा एसएसडी पुरते. मिनिटांचं काम सेकंदांवर येतं, इतका फरक दुसऱ्या कुठल्याही एका बदलाने पडत नाही.

मात्र एक गोष्ट आधी. डिस्क अलीकडेच एकाएकी मंदावली असेल, टक् टक् आवाज करत असेल, तर ती मरायला टेकलेली असू शकते. अशा डिस्कवर डीफ्रॅग वगैरे चालवू नका. शेतकऱ्यांची येणी-देणी आधी दुसरीकडे उतरवा, ती प्रत उघडून बघा, मगच मेकॅनिकला हात लावू द्या.

तिसरा टप्पा फुकटात सुधारतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, 'स्टार्टअप' उघडा, रोज न लागणारे प्रोग्रॅम डिसेबल करा. ते डिलीट होत नाहीत, फक्त आपणहून उठत नाहीत. अँटिव्हायरस मात्र राहू द्या. 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊच नका, ती स्वतःच या यादीत येऊन बसतात. आणि मिरची-धान्याची धूळ? ती जरूर झाडा, उन्हाळ्यात पंखा चोंदला की मशीन तापतं. पण डिस्कचे हेलपाटे त्याने कमी होणार नाहीत.

आता एक गंमत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणून प्रिंटर रुसला आणि तुम्ही बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तो कधी कधी रुसलेलाच राहतो. अशा वेळी 'रीस्टार्ट' निवडा, त्यात सगळं नव्याने सुरू होतं. आणि लाइट गेल्यावर धाडकन बंद झालेल्या मशीनला हा जवळचा रस्ता मिळतच नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी निदान नीट शट डाउन करण्यापुरती तरी टिकते का, ते आजच तपासा.